दिल्लीत लिहून ठेवलेले तुमचे मृत्युपत्र

मरणाचा विषय मराठी घरात काढत नाहीत, असे उगाच म्हणतात. तो रोज चहाबरोबर निघतो. ‘माझ्यामागे दिवसवार घालत बसू नका’ असे साठी ओलांडलेला गृहस्थ आठवड्यातून एकदा तरी बजावतो, देहदानाचा फॉर्म भरून ठेवतो, श्रद्धांजलीच्या जाहिरातीसाठी त्यातल्या त्यात बरा फोटोही काढून ठेवतो. फक्त घर कोणाला द्यायचे एवढे विचारा, की तोच गृहस्थ ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणत कानांवर हात ठेवतो. मृत्युपत्र केले नाही म्हणजे विषय मिटला, अशी त्याची समजूत. पण न लिहिणाऱ्याचेही मृत्युपत्र तयार असते. ते 1956 साली दिल्लीत लिहून झाले, त्याचे नाव हिंदू उत्तराधिकार कायदा, आणि हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शिखांनाही ते लागू आहे. तेव्हा ‘मी मृत्युपत्र केलेले नाही’ म्हणणाऱ्याने फार तर ‘मी ते वाचलेले नाही’ एवढेच म्हणावे.

ते वाचण्यासारखे मात्र आहे. डोंबिवलीतला एक चाळिशीचा नोकरदार धरू. कर्ज काढून घेतलेला, एकट्याच्या नावावरचा फ्लॅट, बायको, आठवीतला मुलगा, गावी आई-वडील. तो अचानक गेला तर फ्लॅट बायकोचा, असे अख्खी सोसायटी धरून चालते. संसदेच्या हिशेबात त्याचे तीन सारखे वाटे पडतात: बायको, मुलगा आणि आई. (वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत नाहीत, हे वडिलांनाही ठाऊक नसते.) पुढे आई काही न लिहिता गेली, की तिचा वाटा तिचा नवरा, तिची इतर मुले आणि हा नातू यांच्यात फुटतो, आणि सूनबाईंच्या ओट्याच्या काही इंचांवर दीर-नणंदांचा हक्क लागतो. अज्ञान मुलाचा वाटा विकायचा तर न्यायालयाची परवानगी हवी. आईला वाटा मिळतो हे चांगलेच आहे. पण बाथरूमच्या टाइल्सचा रंग ठरवायला ज्याने तीन रविवार घातले, त्याने हे गणित न बघता सोडावे, इतके वैराग्य वारकऱ्यालाही जमायचे नाही. बायकांसाठी लिहिलेले पान तर त्याहून वाचनीय. मूलबाळ नसलेल्या विधवेची स्वकष्टाची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यांच्यामागे रांगेत. 2009 साली सर्वोच्च न्यायालयात असेच प्रकरण आले. लग्नानंतर तीन महिन्यांत वैधव्य, सासरच्यांनी घराबाहेर काढलेले, मग माहेरी शिक्षण, नोकरी, साठवलेला पैसा. ती गेल्यावर नवऱ्याकडचे वारस हजर झाले आणि जिंकले. नुसत्या सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. एका पानाचे मृत्युपत्र असते तर सहानुभूतीची गरजही पडली नसती.

यावर तयार उत्तर असते: ‘नॉमिनी लावलाय की!’ नॉमिनी म्हणजे लग्नात आहेर घ्यायला बसवलेला चुलतभाऊ. पाकिटे त्याच्या हातात येतात, त्याची होत नाहीत. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले, आणि गृहनिर्माण सोसायटीतला नॉमिनी वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद असतो, हे महाराष्ट्राच्या कायद्यातच आहे. नॉमिनी तरीही लावावाच. मार्च 2024 अखेर बेवारस ठेवींचा आकडा 78,213 कोटी रुपयांवर गेला होता. दुसरे उत्तर जास्त गोड: ‘आमच्यात एकोपा आहे.’ या एकोप्याची नक्कल तलाठ्याकडे मिळते. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर तेच नांदत असतात, कारण वारसनोंदीला गेले की बहिणींची नावे सांगावी लागतात. शेवटी 2025 मध्ये सरकारला मयतांची नावे कमी करून वारसांची चढवायला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून भागीदार झाली, आणि एकोप्याने त्यावर हक्कसोडपत्र हा तोडगा काढला. बहीण नोंदणी कार्यालयात सही करते, भाऊ साडी घेतो, माहेर शाबूत राहते. वडिलांना मृत्युपत्राने आपल्यापुरता हिस्सा देता येतो, लेकीचा परस्पर देता येत नाही. म्हणून तर साडी.

खर्चाची सबब सांगू नये. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांदेखत सही करायची आणि त्यांनीही करायची. इथे मात्र आपण मैत्रीला जागतो आणि सकाळी कट्ट्यावर भेटणाऱ्या पंचाहत्तरीच्या दोघांना बोलावतो. पुढे वाद झाला तर सही शाबीत करायला त्यांतला निदान एक हयात आणि शुद्धीवर लागतो. साक्षीदार तरुण असावा, आणि मिळकतीतून त्याला दमडी मिळणार नसावी. डॉक्टरचा दाखला जोडलेला बरा. आणि तो कागद कपाटात कुठल्या साड्यांखाली आहे, हे एका तरी माणसाला सांगून ठेवावे.

उरली खरी भीती: एकदा लिहून दिले की पोरे विचारणार नाहीत. ही भीती रास्त आहे, पण ती बक्षीसपत्राची आहे. मृत्युपत्र मरेपर्यंत कितीदाही बदलावे, शेवटचे ते खरे. बक्षीसपत्र नोंदवले की घर गेलेच. तरी उत्साह असतो तो बक्षीसपत्राचा, कारण राहते घर मुलाला द्यायला मूळ मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये. सांभाळण्याची अट त्यात घातली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येते. पण पोटच्या पोराला अट घालायची कशी? ‘नटसम्राट’ पाहून आपण 1970 पासून रुमाल भिजवत आलो आहोत. अप्पा बेलवलकरांनी वाटणीऐवजी मृत्युपत्र केले असते, तर नाटक पहिल्याच अंकात आटोपले असते, आणि सूनबाई चहाचा कप घेऊन विचारत उभ्या राहिल्या असत्या: ‘अप्पा, साखर किती घालू?’