पडद्यामागचे काका

डिसेंबर लागला की पुण्यातल्या काही सदऱ्यांच्या खिशावर बिल्ले उगवतात. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवातले हे स्वयंसेवक. त्यातलं खास वाण ग्रीनरूमच्या दाराशी सापडतं. एरवी सोसायटीच्या सभेतही ज्यांचं कोणी ऐकत नाही, ते काका या चार-पाच दिवसांत नुसत्या भुवईनं माणसं थोपवतात.

काकांची एक आठवण प्रसिद्ध आहे. रमणबागेतला मांडव, कडाक्याची थंडी, रात्रीचे अकरा. एक नामांकित बुवा म्हणाले, "गरम पाणी मिळेल का?" काका म्हणाले, "आणतो." मूळ संवाद एवढाच. दुसऱ्या वर्षी त्यात ज्येष्ठमध पडला. पाचव्या वर्षी बुवांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. दहाव्या वर्षी तर बुवांनी विचारलं, "आज काय गाऊ?" आणि काकांनी सुचवला मारवा.

"रात्री अकराला? मारवा तर सूर्यास्ताचा ना?" गाणं शिकणाऱ्या पुतणीनं एकदा विचारलंच.

"म्हणून तर त्यांनी ऐकलं नाही माझं!"

या बाता बाजूला ठेवल्या, तर काकांना जे खरोखर ठाऊक आहे ते पुढच्या सोफ्यावरच्या रसिकांनाही नसतं. गवसणीतून तंबोरा निघाला की ते आपोआप दबक्या आवाजात बोलू लागतात. खुंट्या पिळून, मणी सरकवून, जवारीत दोरा हलवून तो सुरात येतो; तोवर कोपऱ्यात तबल्यावर हातोडीची टकटक चालू असते. इतकं करून वर मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं तारा पुन्हा हलतात. अशा वेळी कलाकार फारसं बोलत नाहीत, आणि त्यांच्याशी बोलूही नये. हा नियम काका सगळ्यांना सांगतात. फार वेळ सांगतात.

भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी 1953 मध्ये हा महोत्सव सुरू केला. पुढे मैफली रात्रभर रंगू लागल्या, मग ध्वनिक्षेपकाच्या नियमांनी त्या रात्री कापल्या. "आमच्या वेळी भैरव पहाटेच व्हायचा," असं काका म्हणतात, तेव्हा पहाटही त्यांनीच आणवली होती असं वाटतं. महोत्सव रमणबागेतून मुकुंदनगरला गेला, तरी घरून निघताना ते "रमणबागेत चाललो" असंच सांगतात.

सेल्फीला त्यांचा सक्त विरोध. परवा एका पोराला त्यांनी त्यावरून दटावलं आणि तेवढ्यात सतारवादक बाहेर येताना दिसले. काकांनी आपला फोन त्याच पोराच्या हातात कोंबला. "आडवा धर. आणि बिल्ला येऊ दे."

सांगतेला सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लागते, तेव्हा काका पडद्यामागे थर्मास मोजत असतात. दरवर्षी एक कमी भरतो.