या वयात भातुकली? शोभतं का!

तुमच्या कानावर आलंच असेल. नसेल तर ऐका, पण माझं नाव कुठे घेऊ नका. सध्या घरोघरी एक साथ आली आहे आणि ती फक्त चाळिशी ओलांडलेल्यांना होते. मुलं ठणठणीत आहेत हो. ती बिचारी मान खाली घालून फोनवर आपापला उद्योग करताहेत. बिघडलेत ते आईबाप. आजीआजोबांचं तर विचारूच नका.

खोटं वाटत असेल तर पुण्याच्या तुळशीबागेत चक्कर मारा. चांगली साठीची बाई, पायाशी भाजीची पिशवी ठेवून पितळी भातुकलीसमोर उभी असते. बोटभर सोऱ्या उचलते, त्याचा दांडा फिरवते, चकलीची चकती निघते का ते नखाने चाचपून बघते. दुकानदार सरळ मनाने विचारतो, "नातीसाठी का काकू?" काकू फणकारतात, "नातीचा काय संबंध!" चकती नीट बसत नाही म्हणून सोऱ्या दोनदा बदलून घेतात. सून चार पावलं लांब, आपण यांच्याबरोबर आलोच नाही असा चेहरा करून उभी.

बरं, घरी नेऊन खेळाल तरी? छे! काचेचं कपाट करून घेतलंय, आत दिवे सोडलेत. जातं, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, रवी, मोदकपात्र, सगळं ओळीने मांडलंय आणि कपाटाला कुलूप. नातीने काचेला नाक लावलं की आतून आवाज येतो, "अगं, डाग पडतील!" आमच्या ओळखीच्या एका नातीने तर आईला विचारलं म्हणे, की आजीची खेळणी मला कितवीत गेल्यावर मिळतील?

त्याहून भयंकर तऱ्हा म्हणजे खरोखर रांधणाऱ्यांची. पणतीएवढी कढई, खाली मेणबत्ती. त्यात थेंबभर तेल, मोजून पाच मोहऱ्या. त्या तडतडल्या की टाळ्या. मग चमचाभर पोह्यांना फोडणी, वर कोथिंबिरीचं एक पान, तेही कात्रीने कापलेलं. याचं चित्रीकरण चालतं दोन तास. नवऱ्यांनी काय खायचं? कालची आमटी. गरम करून घ्या म्हणावं, गॅस रिकामाच आहे.

आणि या सगळ्याला नाव काय, तर "आमचं निरागस बालपण". इथे मात्र माझा संयम सुटतो. निरागस कुठलं! बालविवाहाच्या काळात आठ-नऊ वर्षांच्या पोरी सासरी जायच्या, तेव्हा भातुकली म्हणजे चुलीपुढे बसायची तालीमच होती. लुटुपुटीचा भात, लुटुपुटीची पंगत, आणि उष्टी काढायचं काम मात्र त्यातही मुलींकडेच. पंगतीला बसलेले भाऊ दाणे-गूळ चापून पसार व्हायचे. हे कपाटातल्या दिव्यांखाली कुणी लिहून ठेवत नाही.

पुरुष मंडळी सोवळी आहेत असं समजू नका. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त अधिकारी, वागायला इतके करडे की वॉचमन त्यांना बघून आधीच उभा राहतो, ते परवा पार्किंगमध्ये उकिडवे बसून गोटी टिपत होते. तोंडाने मोठमोठ्याने सांगत होते, "आमच्या वेळचे खेळ म्हणजे खिलाडूवृत्ती!" खिलाडूवृत्ती? वीत मोजताना अंगठा पुढे सरकवणारे हेच. हरलेल्याला कोपराने गोटी गलीपर्यंत ढकलायला लावणारे हेच. मूठ जमिनीला टेकवायला लावून बोटांच्या पेरांवर नेम धरणारेही हेच. भोवऱ्यात हरला त्याचा भोवरा रिंगणात ठेवून त्यावर आरीचे घाव घालायचे, तो दुभंगला तर उत्सव. त्या काळी गोट्या खेळताना दिसलं की आजोबा पाठीत धपाटा घालून म्हणायचे, "उनाडांत बसतोस?" तो उनाडपणा आता वारसा झालाय आणि पितळी डबीतून भेट म्हणून दिला जातोय.

मुलींच्या खेळांवर तर आज एखाद्या आईने तक्रारच केली असती. बिट्ट्या म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बिया, आणि ते झाड चांगलं विषारी. त्या उडवायच्या, झेलायच्या, मग त्याच हाताने चिंच खायची. काचापाणीत फुटक्या बांगड्यांचे तुकडे पसरून, शेजारचा तुकडा न हलवता एकेक उचलायचा. हे सगळं पचवलेली बाई आज नातवाच्या ठोकळ्यांच्या खोक्यावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचते, रंग सुरक्षित आहे ना म्हणून.

नव्वदीतली पिढी तरी बरी असेल असं मला वाटायचं. नाव काढू नका. त्यांचे ते कुस्तीवाल्यांचे पत्ते आठवतात? उंची, वजन, छाती, दंड, सगळे आकडे तोंडपाठ. सतराचा पाढा मात्र अडायचा. वजन पुकारायची पाळी आली आणि हातात योकोझुना असला की समोरच्याचं तोंड उतरलंच. ते पत्ते शाळेत बाईंनी जप्त केले होते, आता हेच लोक जुना संच मिळाला की गुळगुळीत पाकिटात घालून ठेवतात. 'काँट्रा'मध्ये तीस जीव मिळवायची बटणांची युक्ती अजून अंधारातही जमते यांना. लग्नाची तारीख विचारा.

सावंतवाडीचं वेड तेवढं खानदानी, असं मी म्हणत होते. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी मरत चाललेली गंजिफा पुन्हा उभी केली, त्याला मी नमस्कार करते. दशावतारी संच म्हणजे दहा अवतारांचे बारा-बारा, एकूण १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले. पण आमच्याकडच्या हौशी लोकांनी काय केलं? त्यातले दहा चौकटीत घालून सोफ्याच्या वर टांगले. डाव कसा मांडतात विचारलं तर म्हणतात, "ते बघायचे असतात." चितारआळीतली लाकडी फळं आणतात, तीही टीपॉयवर. पाहुण्याने केळ्याला हात घातला की घरभर हशा.

आता खरी बातमी. येत्या रविवारी सोसायटीत "जुने खेळ" आहेत. लगोरीला वयाची अट नाही, मात्र गुडघ्याच्या डॉक्टरांना प्रेक्षक म्हणून बोलावलंय. डबा ऐसपैसचा डबा कुठला घ्यायचा यावरून समितीत दोन तट पडलेत. आणि बी विंगच्या आजी, अहो त्या जपमाळवाल्या, परवा काष्ठौषधींच्या दुकानात शिरल्या आणि सागरगोटे मागितले. दुकानदाराने काळजीने विचारलं, "आजी, कुणाला काय होतंय?" आजी म्हणाल्या, "मला काही नाही. ए विंगवालीला होणार आहे."

पहाटे त्यांच्या घरातून फरशीवर टकटक ऐकू येते. जपाची वेळ आहे म्हणून कुणी दार वाजवत नाही.