डहाणू-तलासरी परिसरात निपात वापरण्याची रीत

वाक्यातून काढले तरी व्याकरण शाबूत राहते, पण सौदा बिघडतो, अशा शब्दांना निपात म्हणावे: च, ना, तर, की, म्हणे. शालेय मराठी व्याकरणाने यांतल्या ‘म्हणे’ला ‘व्यर्थ उद्गारवाची’ ठरवून अडगळीत टाकले. प्राचीन ग्रीक निपातांचे नशीब बरे, त्यांच्यावर जे. डी. डेनिस्टन यांनी १९३४ साली आख्खा जाडजूड ग्रंथ लिहिला. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. तो विकताना लागणाऱ्या ‘च’ला अजून नाही.

सराव चिकूच्या टोपलीपाशीच करावा. ‘आजचे आहेत’ हे नुसते विधान, त्यावर विसंबू नये. ‘आजचेच आहेत’ म्हणजे कालच्यांचा विषय कोणीतरी आधीच काढलेला आहे. ‘आजचेही आहेत’ असे ऐकू आल्यास टोपलीच्या तळाशी हात घालावा. ‘आजचे आहेत ना!’ यातला ‘ना’ काही विचारत नाही. तो गिऱ्हाइकाला गप्प बसवतो.

‘च’ ज्या शब्दावर भर द्यायचा त्यालाच चिकटतो. ग्रीक ‘गे’ही बहुधा तसाच मागोमाग येतो. जागा चुकली की हिशेब चुकतो. ‘मीच पैसे दिले’ यात हक्क आहे. ‘मी पैसेच दिले’ यात चिकू घ्यायचे राहिले आहेत.

‘चिकू तर गोड आहेत, भाव मात्र उतरवा’ यातली ‘तर–मात्र’ ही जोडी ग्रीकमध्ये ‘मेन’ आणि ‘दे’ चालवतात. ही दोघेही आपापल्या वाक्यखंडाच्या तोंडाशी बसत नाहीत. पहिल्या शब्दाला पुढे करून मागे उभी राहतात. ‘मात्र’ उच्चारण्याआधी पाकीट बाहेर काढू नये.

डहाणू रोड–विरार लोकलमध्ये रिकाम्या दिसणाऱ्या जागेबद्दल ‘कोणी येतंय का?’ असे विचारल्यावर नुसते ‘येतंय’ आले, तर थोडे रेंगाळण्यास हरकत नाही. ‘येतंय ना’ आले, तर पुढे सरकावे.

तलासरीत गुजरातची हद्द जवळ. तिथे ‘च’चे काम ‘ज’ करतो (‘आजनां ज छे’) आणि ‘ना’चे ‘ने’. च आणि ज एकाच शब्दाला लावल्याने खात्री दुप्पट होत नाही.

‘म्हणे’ सर्वांत शेवटी शिकावा. ‘महामार्ग तुंबलाय म्हणे’ एवढे बोलले की बातमी पोचते आणि बोलणारा जबाबदारीतून सुटतो. स्वतःच्या व्यवहाराला मात्र तो लावू नये: ‘मी पैसे दिले म्हणे’ असे सांगणाऱ्याला सुट्टे परत मिळत नाहीत.