घरच्या घरी व्हिडिओ: नरडाणेकरांसाठी सूचना

अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळू लागल्यापासून खानदेशात घरटी एक स्टुडिओ निघू घातला आहे. सबब, नरडाण्यातील इच्छुकांसाठी या सूचना.

वेबकॅमच्या खोक्यावरचे 'फोर-के' वाचून भारावू नये. आतला सेन्सर शेंगदाण्याहून लहान असतो. उजेड कमी पडला की तो चित्रात मुंग्या सोडतो. १०८०पी पुरे. त्याहून बरा मोबाइलचा मागचा कॅमेरा. त्याचा दोष एकच: त्यात स्वतःकडे बघत बोलता येत नाही. म्हणून तो कुणी वापरत नाही.

आता उजेड. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला आणि कुंडीतल्या वाटाण्याचे रोप वाढताना टिपले. त्यांच्याकडे रिंग लाइट नव्हता. वाटाण्यानेही तक्रार केली नाही. आपल्याकडे तर ऊन फुकट आणि गरजेपेक्षा जास्त. मात्र मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली बसू नये. माणूस टिकतो, मोबाइल तापून बंद पडतो. उत्तरेची खिडकी सर्वोत्तम, तिचा उजेड मऊ असतो. ती तोंडासमोर हवी. पाठीमागे ठेवल्यास चेहरा काळा पडतो आणि प्रेक्षक लिहितात, "भाऊ, तू दिखीच नही ऱ्हायना!"

रात्री एलईडी दिव्यापुढे आजोबांचे पांढरे धोतर ताणावे. (आजोबांना विचारून. हॅलोजनपुढे मुळीच नको, पेटेल.) दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो, तेव्हा मोठा दिवा घेण्याआधी आहे तो पुढे सरकवावा. चष्मा असेल तर दिवा वर आणि बाजूला, नाहीतर दोन्ही डोळ्यांत कडी दिसते. एका बाजूला ट्यूबलाइट, दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब ठेवला तर अर्ध्या तोंडाला कावीळ झालेली दिसते.

चित्रात आडवे पट्टे सरकू लागले तर महावितरणला फोन करू नये. आपली वीज ५० हर्ट्झची आणि वेबकॅम ६०वर लावलेला असतो. सेटिंगमध्ये ५० करावे.

आवाजासाठी सुरत–भुसावळ मार्गावरच्या गाड्यांचे वेळापत्रक भिंतीला लावावे. आग्रा रोडवरच्या ट्रकांना वेळापत्रक नसते, त्यांच्यापायी कॉलरचा माइक घ्यावाच.

खर्चाचा क्रम: आधी दिवा, मग माइक, कॅमेरा सर्वांत शेवटी. दुकानदार नेमका उलटा क्रम सांगेल. त्याला हा कागद दाखवू नये.