भरून येणारा टेम्पो रिकामा का जातो?

परवा दुचाकी सर्व्हिसिंगला दिली. फिटरने ड्रेन नट काढला, काळंभोर ऑइल ट्रेमध्ये उतरलं, ट्रे कोपऱ्यातल्या बॅरलमध्ये रिकामा झाला. ‘‘याचं पुढे काय होतं?’’ मी विचारलं. ‘‘सेंट्रिंगवाले नेतात, साहेब.’’

खरंच नेतात. स्लॅबच्या प्लेटांना काँक्रीट चिकटू नये म्हणून हेच जळकं ऑइल फासलं जातं. गावाकडे वाळवी लागू नये म्हणून चौकटींना, कुंपणाच्या खांबांना लावतात. काही भट्ट्यांत जातं. काटकसर म्हणून आपण याकडे पाहत आलो, आणि तिथेच चुकलो. इंजिनात हजारो किलोमीटर फिरलेल्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचा अंश असतो, इंधन जळताना तयार झालेली कर्करोगकारक रसायनं असतात. प्लेटवरचं ऑइल पहिल्या पावसात नाल्यात उतरतं, भट्टीतलं धुरावाटे आसपासच्या वस्तीत.

पण सगळ्यांत आधी ते फिटरच्या कातडीला लागतं. कोपरापर्यंत काळे हात, जेवायच्या वेळी पेट्रोलने धुतलेले. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, तेही कर्करोगकारक. ऑइलने चिंब चिंधी दिवसभर पँटच्या खिशात, मांडीला चिकटलेली. ब्रेक शूची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची आणि तिथेच उभं राहून श्वास घ्यायचा. अठरा-वीस वर्षांच्या पोरांना हातमोज्यांची साधी जोडी मिळत नाही, याचा मला संताप येतो.

नियम नाहीत असं नाही. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. 1 एप्रिल 2024 पासून तर ऑइल विकणाऱ्या कंपन्यांवरच जुन्या ऑइलचा ठरावीक हिस्सा पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी आहे. मी ज्या गॅरेजांत जातो, तिथे मात्र यातलं काहीच पोचलेलं नाही. घातक कचऱ्याची मोठी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला. दोन कॅन जळकं ऑइल घेऊन फिटरने काम बंद ठेवून तिथवर जावं, अशी अपेक्षा कोण करणार?

नव्या ऑइलचा टेम्पो मात्र नेमाने गॅरेजच्या दारात येतो. भरलेला येतो, रिकामा परत जातो. त्याच टेम्पोने जुन्याचा कॅन न्यावा, लिटरमागे सेंट्रिंगवाल्याइतके पैसे द्यावेत. कंपन्यांनी एवढं केलं, तर अर्धा प्रश्न मिटेल.

उरलेला अर्धा गॅरेजमालकाच्या हातात आहे. इंजिन ऑइल वापराने मळतं, संपत नाही. शुद्ध केलं की पुन्हा इंजिनात चालतं. त्यात पेट्रोल, कूलंट, पाणी मिसळलं की मात्र ते काम अवघड होतं. म्हणून प्रत्येकाचा कॅन वेगळा हवा, झाकणाचा. फिल्टर गरम असतानाच भोक पाडून रात्रभर निथळत ठेवावा; बरंच ऑइल त्यातून निघतं. पार्ट धुवायला पेट्रोलऐवजी पाण्यात चालणारं डिग्रीजर घ्यावं. फरशीवर सांडलेल्या ऑइलवर पाणी मारू नये, भुसा टाकावा आणि तो भुसाही वेगळा ठेवावा. आणि कूलंट गटारात कधीच नको. ते चवीला गोड असतं. रस्त्यावरची कुत्री चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन तडफडून मरतात.

पुढच्या सर्व्हिसिंगला किल्ली देताना जुनं ऑइल कुठे जातं, एवढं विचाराच. नोंदणीकृत रिसायकलरला ऑइल देणाऱ्या, पोरांना हातमोजे घालायला लावणाऱ्या गॅरेजने पन्नास रुपये जास्त मागितले, तर घासाघीस न करता द्या.