नावाला कॉलेज

नेरुळच्या आमच्या रो-हाउसच्या रांगेत दर दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. सिडकोने ती कशासाठी बांधली कोण जाणे, आम्ही तिच्यावर कोपरं टेकतो. पलीकडच्या काकू ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या.

"काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरची काल भाजीवाल्यापाशी सांगत होती, हल्ली कॉलेजात काही म्हणजे काही शिकवत नाहीत."

"तिला काय माहीत? तिचा मुलगा इंटिग्रेटेडवाला ना? म्हणजे नाव कॉलेजात आणि मुलगा क्लासात. बारावीला आला, कॉलेजचा जिना तरी चढलाय का?"

"फी मात्र दोन्हीकडे भरली बाई तिने."

"भरणारच. माझ्या शेवटच्या वर्षांत हजेरीपट भरगच्च आणि बाकांवर मूठभर डोकी. तीही कोणाची, तर क्लास न परवडणाऱ्यांची. त्यांना मोल कन्सेप्ट दोन-दोनदा समजावायला वेळ मिळायचा. चांगली शिकली हो ती पोरं!"

"पण सरकार काही करत नाही का?"

"केलं की. 2018च्या जूनमध्ये सायन्सच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. मुंबई विभागालाही ती लागू होती, म्हणजे आपणही आलोच. पण ते यंत्र बोट मागतं, डोक्यात काय शिरलं ते थोडंच विचारतं? मग 2024च्या जानेवारीत केंद्राने सांगितलं, सोळा वर्षांखालची मुलं क्लासने घेऊ नयेत. जा वाशीला, बोर्ड वाच. आठवीपासून फाउंडेशन!"

मला कोपऱ्यावरचीची थोडी दयाही आली. म्हटलं, "आईबापांनी तरी काय करावं, काकू? इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर. खुल्या वर्गातल्यालाही बारावीला 45 टक्के पुरतात. मग कॉलेजात बसून वेळ कोण घालवेल?"

"तेच तर. आयआयटीवाल्यांना निदान 75 तरी लागतात. सीईटीला काय, चार पर्याय, एकावर टिचकी, चुकलं तरी गुण कापत नाहीत. मी त्या पोरांना दोष देत नाहीये. पण शिकवणाऱ्यासमोर मूलच बसवायचं नाही आणि वर त्याला शिकवता येत नाही म्हणायचं?"

"तुमच्यातलेही काही तसेच होते हो. नोट्स डिक्टेट करून मोकळे."

"होते ना! नाव घेऊ का एकेकाचं? पण रिकाम्या वर्गात चांगला माणूसही गंजतो."

"आणि प्रॅक्टिकल?"

"त्याचे 30 गुण, तेही आपल्याच कॉलेजात. जर्नल तर तयार मिळतं. परवा एकाला विचारलं, टायट्रेशनमध्ये फिनॉल्फ्थॅलीनचा रंग कोणता येतो? म्हणाला, पिंक, ऑप्शन बी."

"बरोबर सांगितलं की."

"बरोबरच. म्हटलं, ब्युरेट पाहिलीस का रे कधी? तर म्हणे, हो काकू, पीडीएफमध्ये."

"कोण हो हा?"

"कोण असणार? कोपऱ्यावरचाच!"