दोनशे पंधरा सज्जनांचे आभार

अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या २१५ सभासदांना आजवर कुणी साधं शाल-श्रीफळही दिलेलं नाही, ही कृतघ्नता म्हणावी लागेल. २८ मार्च २०१७ रोजी त्यांनी एक ठराव २१५ विरुद्ध २०५ मतांनी मंजूर केला. पाच दिवस आधी सिनेटने तोच ठराव ५० विरुद्ध ४८ असा काठावर तारला होता. ३ एप्रिलला अध्यक्ष ट्रम्प यांनी सही ठोकली आणि काम फत्ते झालं. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ग्राहक कुठल्या संकेतस्थळांवर जातो, कुठलं ॲप उघडतो, कुठे हिंडतो ही माहिती जाहिरातीसाठी वापरण्याआधी किंवा दुसऱ्याला देण्याआधी त्याची परवानगी घ्यावी, असा नियम फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने आदल्या ऑक्टोबरात केला होता. तो या ठरावाने रद्द झाला. परवानगीचं कलम अजून लागूही व्हायचं होतं, त्यामुळे बारशाआधीच तेरावं उरकलं. शिवाय ज्या कायद्याच्या आधारे हे उरकलं, त्यानुसार साधारण तसाच नियम आयोगाला पुन्हा आपल्या अधिकारात करता येत नाही. पुनर्जन्माचीही सोय ठेवली नाही, याला म्हणतात नीट काम.

आयोगाचे तेव्हाचे नवे अध्यक्ष अजित पै मूळचे कोकणी घराण्यातले. नियम झाला तेव्हा सभासद या नात्याने त्यांनी विरोधात मत दिलं होतं, आणि फार पूर्वी व्हेरायझन कंपनीत वकील म्हणून दोन वर्षं काढली होती. एवढं योगदान असूनही आपल्या किनारपट्टीवर त्यांचा एक फलक लागू नये!

ठरावाच्या बाजूने मांडलेला मुद्दा समतेचा होता. गूगल आणि फेसबुक लोकांची माहिती गोळा करून गबर होतात, मग बिचाऱ्या इंटरनेट कंपन्यांनाच परवानगीची अट का? फरक असलाच तर किरकोळ. गूगलकडे जायचं नसेल तर जाऊ नये. घरात आलेल्या तारेवरून मात्र सगळंच जातं, आणि अमेरिकेत कित्येक घरांना वेगवान तार पुरवणारी कंपनी एकच असते. पण समतेच्या प्रश्नात असला कीस काढू नये.

कंपनीला नेमकं काय दिसतं, याबद्दल लोकांत उगाच घबराट आहे. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण हल्ली बहुधा कुलूपबंद असते. त्या कुलपामुळे आत कुठलं पान वाचलं हे वाटेतल्या कंपनीला कळत नाही. कुठल्या दारात गेलात, किती वाजता, कितीदा, एवढंच बहुधा कळतं, कारण दाराचा पत्ता शोधून देण्याचं कामही सहसा तीच करते. समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं एक मराठी घर आहे. संध्याकाळी मराठी मालिका, मग पुण्याच्या विमानतिकिटांचे भाव. एका रात्री दोन वाजता कर्करोगाच्या रुग्णालयाचं संकेतस्थळ. तीनला पुन्हा तेच. सकाळी विमा कंपनी, दुपारी इच्छापत्र करून देणारा वकील. तिकिटांचे भाव आता रोज, आणि एकाच माणसाचे. पुण्यात आईला हे कसं सांगायचं, यावर नवराबायकोचं अजून ठरलेलं नाही. कंपनीला मात्र एकही पान न वाचता समजलेलं आहे. परदेशात अशा वेळी माणूस एकटा पडतो म्हणतात. कंपनी पडू देत नाही.

गिरगावातल्या चाळीत वाढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. मात्र चाळीच्या भोचकपणात एक उणीव होती. तो दुतर्फा चालायचा. तुमच्याकडे कोण आलं-गेलं हे समोरच्या काकूंना ठाऊक, तसं त्यांच्या जावयाचं कुठे काय बिनसलंय हे तुम्हालाही ठाऊक. अमेरिकेने हा घोळ निस्तरला. तुमचं सगळं कंपनीला माहीत आणि कंपनीचं तुम्हाला काहीच नाही. शिवाय काकू या सेवेचं दरमहा बिल पाठवत नसत.

या क्षेत्रातली कारागिरीही दाद देण्याजोगी आहे. व्हेरायझनने २०१२ पासून आपल्या मोबाइल ग्राहकांच्या इंटरनेट-मागण्यांना वाटेतच एक लांबलचक ओळखक्रमांक चिकटवायला सुरुवात केली. फोन तुम्ही घेतलेला, संकेतस्थळ तुम्ही निवडलेलं. मधल्या मधे चिठ्ठी डकवायची ती कंपनीने. तुम्ही कुकीज पुसा, इतिहास पुसा, काय हवं ते पुसा, चिठ्ठी पुढच्या मागणीवर हजर, कारण ती फोनमध्ये नव्हतीच. एका जाहिरात कंपनीने तर या क्रमांकाच्या आधारे लोकांनी पुसलेल्या कुकीज पुन्हा जिवंत करून दाखवल्या. संजीवनी विद्या लुप्त झाली असं आपण उगाच मानत होतो. मार्च २०१६ मध्ये आयोगाने या प्रकरणी व्हेरायझनकडून साडेतेरा लाख डॉलर दंड वसूल केला. कंपनीची आदल्या वर्षीची उलाढाल १३१ अब्ज डॉलरांच्या वर होती. भागाकार केला तर दंड सुमारे साडेपाच मिनिटांच्या उलाढालीएवढा भरतो. चहा गार व्हायच्या आत वसूल.

एटी अँड टीचा प्रामाणिकपणा तर दृष्ट लागण्यासारखा. २०१३ च्या अखेरीस टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तिने अतिवेगवान इंटरनेट आणलं, महिना ७० डॉलर. आमची नजर नको असेल तर ९९. बाकीचे लोक खासगीपणाच्या मूल्यावर परिसंवाद भरवत बसले, इथे थेट दरपत्रक छापलं गेलं. महिना २९ डॉलर म्हणजे वर्षाला ३४८. मूलभूत हक्काची इतकी स्वच्छ किंमत जगातल्या कुठल्याच घटनासमितीला काढता आली नव्हती. २०१६ मध्ये कंपनीने ही योजना गुंडाळली, याचं वाईट वाटतं. गरिबांची अब्रू स्वस्त असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण पावतीवर कोण लिहून देतो?

ज्यांना हे सगळं पटत नाही, त्यांच्यासाठीही तोडगा आहे. ठराव झाल्यावर विस्कॉन्सिनचे प्रतिनिधी जिम सेन्सेनब्रेनर यांना मतदारांच्या सभेत एका बाईंनी याबद्दल विचारलं, तेव्हा इंटरनेट वापरायलाच हवं असं कुणावर बंधन नाही, असं त्यांनी सांगितलं. नोकरीचे अर्ज, मुलांचा गृहपाठ, बँक, कर, सगळं सोडून द्यायचं. इतकं वैराग्य आपल्याकडे हिमालयातही हल्ली सापडत नाही.

अमेरिकी संसदेला खासगीपणाची चाड नाही, असं कुणी म्हणू नये. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरी भाड्याने नेलेल्या १४६ चित्रपटांची यादी व्हिडिओच्या दुकानातून मिळवून छापली. यादीत आक्षेपार्ह काही नव्हतं, पण खासदारांच्या पोटात गोळा आला. यादी उद्या आपलीही निघू शकते! १९८८ मध्ये कायदा झाला: कुणी कुठली कॅसेट नेली हे दुकानदाराने परस्पर सांगायचं नाही. आज दुकानं गेली, कॅसेटी गेल्या. कायदा ठणठणीत आहे. अमेरिकी नागरिकाने भाड्याने आणलेल्या कॅसेटला जो मान आहे तो त्याच्या रात्री दोनच्या काळजीला नाही, हे खरं. पण काळजी वेळेवर दुकानात परत थोडीच करावी लागते?

ठरावानंतर मोठ्या कंपन्यांनी लगोलग जाहीर केलं की, आम्ही ग्राहकाचा वैयक्तिक इतिहास विकत नाही. विश्वास ठेवायला हरकत नाही. विकली की वस्तू हातची जाते, एवढं कुठल्याही वाण्याला कळतं. फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये सहा मोठ्या पुरवठादारांबद्दल अहवाल दिला, त्यात हा बारकावा आला आहे: माहिती विकत नाही म्हणायचं, पण इतरांनी ती वापरायची, तिच्यावर कमवायचं, याला वाव ठेवायचा आणि ते बारीक अक्षरांत लिहायचं. काही कंपन्या ग्राहकांचे वंश आणि लैंगिक कल यांवरून गट पाडतात, असंही त्यात आढळतं. ठरावाच्याच सुमारास टेनेसीतल्या एका भाबड्या माणसाने खासदारांचाच इंटरनेट-इतिहास विकत घेऊन खुला करण्यासाठी वर्गणी काढली आणि दोन लाख डॉलरांहून अधिक जमवले. माल मिळाला नाही. २१५ सज्जनांच्या घरी रात्री दोन वाजता काय पाहिलं जातं, हे अजूनही गुलदस्त्यातच आहे.

कुरकुर केली ती मेन राज्याने. २०१९ मध्ये तिथे कायदा झाला की, आधी ग्राहकाची परवानगी, आणि नाही म्हणणाऱ्याला चढा दर लावायचा नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये या व्यवसायातल्या चार संघटना न्यायालयात गेल्या. म्हणणं असं की, हा कायदा कंपन्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. युक्तिवाद समजून घेण्यासारखा आहे. तुम्ही कुठे गेलात ही तुमची कृती. ती जाहिरातदाराच्या कानात सांगणं ही त्यांची अभिव्यक्ती. न्यायाधीशांना ही सूक्ष्म भावना पहिल्या फेरीत भिडली नाही, आणि २०२२ मध्ये दावा मागे घेण्यात आला. अडीच वर्षांची वकिलांची फी कुठून आली, हे मी विचारणार नाही. कंपनीचंही काही खासगी असतं.